पाहुणचार, पंगत आणि विवेकस्वातंत्र्य : वाँटेज येथील पंडिता रमाबाई व मनोरमा यांचे दैनंदिन जीवन (१८८३-१८८६)

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात ख्रिस्ती मिशनरी आणि मराठी समाज यांच्या संबंधांचा अभ्यास प्रामुख्याने धर्मांतर, शिक्षणप्रसार, मुद्रणकला आणि वैचारिक खंडन-मंडन या अंगांनी झाला आहे. मिशनरी येथे आले, त्यांनी शाळा व दवाखाने काढले आणि त्यास येथील समाजाने प्रतिसाद वा प्रतिकार केला, अशी या अभ्यासाची सर्वसाधारण चौकट आहे. मात्र याच काळात काही मराठी माणसे मिशनऱ्यांच्या मायदेशी गेली, त्यांच्या घरी राहिली, त्यांच्या पंगतीस बसली. तेथे यजमान व पाहुणे यांची स्थाने उलट झाली होती. पाहुण्याने काय खावे, काय नेसावे, त्याच्या मुलाने कोणती प्रार्थना म्हणावी, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नांतून धर्म, सत्ता आणि स्वातंत्र्य यांचे मोठे प्रश्न उभे राहिले.

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२), त्यांची कन्या मनोरमा (१८८१-१९२१) आणि सहकारी अनंदीबाई भगत यांचे इंग्लंडमधील वास्तव्य हे या प्रकारचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण होय. रमाबाईंच्या धर्मांतरावर विपुल लेखन झाले आहे. प्रस्तुत शोधनिबंधात त्या वास्तव्यातील दैनंदिन व्यवहाराचा, म्हणजे अन्न, भाषा, अध्यापन आणि अपत्यसंगोपन यांचा, विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१) रमाबाई व मनोरमा यांच्या वाँटेज येथील दैनंदिन जीवनाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) या जीवनातील मतभेदांची ऐतिहासिक कारणमीमांसा करणे.
३) या अनुभवाचा रमाबाईंच्या पुढील संस्थात्मक कार्याशी असलेला संबंध तपासणे.
४) खानदेशातील मिशनकार्याच्या अभ्यासासाठी त्यातून कोणती दृष्टी मिळते याचा विचार करणे.

साधने व अभ्यासपद्धती :

या विषयाचे प्रमुख साधन म्हणजे रमाबाईंचा पत्रव्यवहार. सिस्टर जेराल्डाईन यांनी त्याचे संकलन केले व अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेले व १८८३ मध्येच पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झालेले 'इंग्लंडचा प्रवास' हे पत्र, १९०७ चे रमाबाईंचे आत्मनिवेदन आणि मॅक्स म्युलर यांच्या आठवणी ही अन्य साधने होत. यांतील पहिल्या साधनाविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. संकलन करणाऱ्या सिस्टर जेराल्डाईन या वादातील एक पक्ष होत्या आणि पत्रांना त्यांनी आपल्या टिपणांची जोड दिली. त्यामुळे पत्रे व टिपणे यांत भेद करूनच या ग्रंथाचा उपयोग करावा लागतो. तथापि, ज्या पत्रांत रमाबाईंनी आपल्यावर कठोर शब्दांत टीका केली तीही त्यांनी जपून ठेवली, हे नोंदविणे न्याय्य ठरेल.

पार्श्वभूमी :

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या विदुषी कन्येचे बालपण तीर्थाटनात गेले. १८७४ च्या सुमारास दुष्काळी हालअपेष्टांत आईवडील निवर्तले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविले. १८८० मध्ये बंधू श्रीनिवास यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १६ एप्रिल १८८१ रोजी मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीचे पटकीने निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षी वैधव्य, कडेवर दहा महिन्यांची मुलगी आणि माहेरचे वा सासरचे छत्र नाही, अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, 'स्त्रीधर्मनीति' हा ग्रंथ लिहिला आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली.

पुण्यात त्यांचा संबंध 'कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन' या अँग्लिकन भगिनीसंघाशी आला. १८४८ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज या गावी स्थापन झालेल्या या संघाच्या भगिनी पुण्यात कार्य करीत होत्या. चित्पावन ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले विद्वान फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी रमाबाईंची चर्चा येथेच झाली. वैद्यकीय शिक्षण घ्यावे या हेतूने त्यांनी इंग्लंडला जाण्याचे ठरविले. 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीचे उत्पन्न प्रवासखर्चास उपयोगी पडले. वाँटेज येथे राहण्याची सोय संघाने करावी आणि त्याच्या मोबदल्यात रमाबाईंनी हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावे, असे ठरले. निघण्यापूर्वी आपण ख्रिस्ती होणार नाही असे आश्वासन त्यांनी स्नेह्यांना दिले होते. २० एप्रिल १८८३ रोजी त्यांनी मुंबई सोडली. त्या वेळी मनोरमेला दोन वर्षे पूर्ण होऊन चार दिवस झाले होते.

पाहुणी, शिक्षिका आणि शिष्या :

या व्यवस्थेतच पुढील संघर्षाचे बीज होते. रमाबाईंच्या दृष्टीने हा एक करार होता. त्या मराठी शिकवीत होत्या, म्हणजे राहण्या-जेवण्याचा मोबदला श्रमाने चुकता करीत होत्या. भगिनींच्या दृष्टीने मात्र त्या आश्रयास आलेल्या, मार्गदर्शनाची गरज असलेल्या तरुणी होत्या. एकाच घरात एकाच व्यक्तीचे स्थान दोन पक्ष दोन प्रकारे पाहत होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाल्यानंतर हा भेद अधिक तीव्र झाला. भगिनीसंघाच्या परंपरेत नवख्रिस्ताने आज्ञापालन करणे हा श्रद्धेचा भाग होता. रमाबाईंच्या लेखी श्रद्धा हा विवेकाने केलेला स्वीकार होता आणि ज्याचा विवेकाने स्वीकार केला त्याची चिकित्सा करण्याचा अधिकार बाप्तिस्म्याने संपत नव्हता.

तरीही या संबंधात जिव्हाळ्याचा अभाव होता असे म्हणता येत नाही. रमाबाई पत्रांतून सिस्टर जेराल्डाईन यांना 'आजीबाई' असे संबोधीत. परदेशातील एका संन्यस्त स्त्रीला मराठी घरातले नाते देऊन त्यांनी तिला आपल्या कुटुंबात सामावून घेतले होते. आजीबाईंशी वाद घालता येतो, रुसता येते, पण आजीबाईंचा हुकूम अखेरचा असतोच असे नाही. मठातील वरिष्ठेच्या पदाशी हे नाते जुळणारे नव्हते.

अनंदीबाई भगत यांचा मृत्यू :

बाप्तिस्म्यापूर्वी काही दिवस या छोट्या कुटुंबावर मोठा आघात झाला. सोबत आलेल्या अनंदीबाई भगत यांनी विष घेऊन आत्महत्या केली. आपणा दोघींना ख्रिस्ती करण्यात येईल या भीतीने त्यांच्या मनाचा ताबा घेतला होता. मॅक्स म्युलर यांच्या आठवणींनुसार एका रात्री त्यांनी रमाबाईंचा गळा दाबण्याचाही प्रयत्न केला होता. पुढे रमाबाई ऑक्सफर्ड येथे मॅक्स म्युलर यांच्या घरी उतरल्या असता त्यांची मनःस्थिती इतकी खचलेली होती की रात्री त्यांच्या खोलीत एका दासीस निजावे लागे.

या घटनेचा उल्लेख बहुधा धर्मांतराच्या कथेतील एक करुण प्रसंग म्हणून केला जातो. दैनंदिन जीवनाच्या इतिहासात तिचे महत्त्व निराळे आहे. अपरिचित भाषा, अपरिचित अन्न, घंटेच्या ठोक्यावर चालणारी प्रार्थनेची वेळापत्रके आणि परतीचा मार्ग स्वतःच्या हाती नसणे, या वातावरणात भगिनींचा सदिच्छापूर्ण पाहुणचारही पाहुण्यास सापळा वाटू शकतो. अनंदीबाईंवर कोणी बळजबरी केली असे साधनांतून दिसत नाही, परंतु भीती निर्माण होण्यासाठी बळजबरीची आवश्यकता नसते. आश्रयदाता व आश्रित यांच्यातील विषमता त्यास पुरेशी असते. रमाबाईंच्या चरित्राच्या तेजात या सहप्रवासिनीचे दुःख झाकले जाऊ नये.

अन्न आणि वस्त्र :

बाप्तिस्म्यानंतरही रमाबाई शाकाहारी राहिल्या. मांस तर दूरच, अंडी घातलेला गोड पदार्थही त्यांनी नाकारला. सिस्टर जेराल्डाईन यांना यात जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसला. जी स्त्री ख्रिस्ती झाली तिने ख्रिस्ती पंगतीतील अन्न का नाकारावे, असा त्यांचा प्रश्न होता. रमाबाईंनी उत्तरादाखल स्पष्ट केले की आपणास हिंदू म्हणवून घेण्यात लाज वाटत नाही आणि पूर्वजांच्या चालीरीती शक्य तितक्या पाळण्यात काही गैर नाही. त्यांच्या मते ख्रिस्ताचा स्वीकार आणि इंग्रजी राहणीचा स्वीकार या दोन स्वतंत्र गोष्टी होत्या.

या वादाचे गांभीर्य समजण्यासाठी त्या काळच्या महाराष्ट्रातील अन्नव्यवहार लक्षात घ्यावा लागतो. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील समारंभात चहा-बिस्किटे पुढे आली, तेव्हा लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासह अनेक प्रतिष्ठित मंडळी ग्रामण्याच्या वादात सापडली आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. म्हणजे पुण्यात मिशनऱ्यांचा चहा पिणे हा धर्मद्रोह ठरत होता, तर वाँटेज येथे मिशनऱ्यांचे अंडे न खाणे हा श्रद्धेतील कमीपणा ठरत होता. दोन्हीकडे माणसाच्या अंतःकरणाची परीक्षा त्याच्या ताटावरून घेतली जात होती. रमाबाईंनी दोन्ही परीक्षांस नकार दिला.

क्रूसावरील भाषा :

भाषेच्या बाबतीतही असाच प्रसंग घडला. धारण करावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. आपणास न समजणारी ही भाषा का, संस्कृत का नको, असे रमाबाईंनी विचारले. ब्राह्मणांना संस्कृतविषयी जी पवित्रतेची भावना वाटते तीच तुम्हाला लॅटिनविषयी वाटते काय, हा त्यांचा प्रश्न मार्मिक होता. भगिनी रमाबाईंमध्ये ब्राह्मणी अभिमान पाहत होत्या. रमाबाईंनी त्याच अभिमानाचे लॅटिन रूप त्यांना दाखवून दिले. ज्या संस्कृतमध्ये त्यांना 'सरस्वती' ही पदवी मिळाली होती, त्याच संस्कृतच्या शास्त्रांनी स्त्रियांवर केलेल्या अन्यायाविरुद्ध त्यांनी पुढे 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' (१८८७) हा ग्रंथ लिहिला. भाषा आपली मानणे आणि त्या भाषेतील अन्याय मान्य करणे यांत त्यांनी केलेला हा भेद महत्त्वाचा आहे.

अध्यापनाचा अधिकार :

१८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅम येथील लेडीज कॉलेजात राहू लागल्या. श्रवणदोष वाढत गेल्याने वैद्यकीय शिक्षणाचा बेत त्यांना सोडावा लागला होता. प्राचार्या डोरोथिया बील यांच्या मार्गदर्शनाखाली त्या गणित, शास्त्रे व इंग्रजी साहित्य शिकत आणि संस्कृत शिकवीत. त्यांनी हिंदुस्थानात जाणाऱ्या तरुणांनाही शिकवावे अशी सूचना पुढे आली, तेव्हा लाहोर व मुंबई येथील बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांना शिकविल्यास हिंदुस्थानातील स्त्रियांत कार्य करताना त्यांच्या प्रतिष्ठेस बाध येईल, असे त्यांचे म्हणणे होते.

रमाबाईंनी यावर आश्चर्य व्यक्त केले. आईने वा आपण पुरुषांना शिकविण्यास वडिलांनी अथवा पतीने कधी हरकत घेतली नाही, मग ती इंग्रज धर्माधिकाऱ्यांनी का घ्यावी, हा त्यांचा युक्तिवाद होता. कलकत्त्यात व पुण्यात पुरुषांच्या सभांपुढे व्याख्याने दिलेल्या स्त्रीला हिंदुस्थानची रीत समजावून सांगण्याचा हा प्रयत्न होता. स्त्री-स्वातंत्र्य म्हणजे पाश्चात्त्यांची देणगी हे समीकरण या एका प्रसंगाने तपासून पाहण्याजोगे ठरते.

मनोरमा कोणाची?

सर्वांत नाजूक प्रश्न मुलीचा होता. रमाबाई चेल्टनहॅम येथे असताना मनोरमेचा सांभाळ वाँटेजच्या भगिनी करीत. एकट्या विधवा मातेस शिक्षण घेता यावे यासाठी ही मदत मोलाची होती. परंतु सांभाळ करणाऱ्याचाच संस्कारांवर अधिकार असतो, हेही भगिनींनी गृहीत धरले होते. त्रैक्यासारख्या गहन सिद्धांतांविषयी रमाबाईंना स्वतःला शंका होत्या. जे आपल्या बुद्धीस पटले नाही ते अजाण मुलीकडून पाठ करवून घेऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. भगिनींना यात एका बाप्तिस्मा झालेल्या बालकाच्या आत्म्याची उपेक्षा दिसली.

दुसरा मुद्दा राष्ट्रीयत्वाचा होता. मनोरमेने आपल्या देशबांधवांत त्यांच्यापैकीच एक म्हणून वावरावे, त्यांच्याहून निराळी वा श्रेष्ठ म्हणून नव्हे, आणि हिंदुस्थानची कन्या म्हणवून घेताना तिला संकोच वाटू नये, अशी इच्छा रमाबाईंनी पत्रांतून व्यक्त केली. ज्या घरात मुलीला उत्तम अन्न, वस्त्र, शिक्षण व प्रेम मिळत होते, त्याच घरात ती आपल्या समाजाला परकी होण्याचा धोका होता. मदत स्वीकारावी, पण मुलीवरील अधिकार सोडू नये, हा मध्यम मार्ग रमाबाईंनी कष्टाने राखला. पुढे मनोरमा भारतात परतली, आईच्या कार्यात तिने आयुष्य वेचले आणि गुलबर्गा येथे मुलींच्या शिक्षणाचे काम उभे केले.

समकालीन तुलना :

रमाबाई मुंबईहून निघाल्या त्याच महिन्यात, ७ एप्रिल १८८३ रोजी, आनंदीबाई जोशी यांनी कलकत्त्याहून अमेरिकेस प्रयाण केले. त्यांच्या प्रवासामागेही मिशनरी पत्रव्यवहार होता. १८७८ मध्ये गोपाळराव जोशी यांनी पूर्वी कोल्हापुरात कार्य केलेले मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्याकडे साहाय्य मागितले. वाइल्डर यांनी धर्मांतर सुचविले व तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. तो वाचून थिओडिसिया कार्पेंटर या ख्रिस्ती गृहिणीने मात्र कोणतीही अट न घालता हात पुढे केला. न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात आनंदीबाई स्वतःच्या आचारानुसार राहिल्या. येथे 'आजीबाई' नव्हत्या, मावशी होती. आनंदीबाई श्रीमती कार्पेंटर यांना मावशी म्हणत. दोन्ही घरे ख्रिस्ती व दोन्हीकडे माया होती. फरक इतकाच, की एक घर संस्थेचे होते व त्यास ध्येय होते, तर दुसरे केवळ घर होते. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभास रमाबाई मनोरमेसह उपस्थित राहिल्या, तेव्हा परक्यांच्या घरी राहून शिकलेल्या दोन मराठी स्त्रिया एकत्र आल्या.

स्वदेशातील पडसादही नोंदविले पाहिजेत. बाप्तिस्म्याच्या वार्तेने पुण्यात रोष उसळला असता महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या अंकातून रमाबाईंची बाजू घेतली.

पाहुणी यजमान झाली तेव्हा :

मठातील अनुभवाचे फलित केवळ मतभेद नव्हे. भगिनींनी रमाबाईंना फुलहॅम येथील आपले केंद्र दाखविले. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागविले जात होते. अशा स्त्रियांविषयी शास्त्रांत करुणा आढळली नाही, ती आपण येथे पाहिली, असे रमाबाईंनी आत्मनिवेदनात नमूद केले आहे. पुढे मुक्ती सदनातील 'कृपा सदन' हा विभाग याच प्रेरणेतून निर्माण झाला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, तेव्हा रमाबाई स्वतः यजमान झाल्या. बालविधवांना आपापल्या जातिधर्माचे अन्नविषयक नियम पाळण्याची मोकळीक त्यांनी दिली. वाँटेजच्या पंगतीत जे स्वातंत्र्य त्यांना झगडून मिळवावे लागले, ते आपल्या पंगतीत त्यांनी आरंभीच देऊ केले. परंतु मुली त्यांच्या प्रार्थनेस बसू लागल्याने १८९३ मध्ये सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर प्रभृतींनी संबंध तोडला व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आपण कोणास बोलाविले नाही, केवळ दार बंद केले नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. आश्रितेच्या मनावर यजमानाच्या केवळ उपस्थितीचाही दाब पडतो, ही पालकांची शंका होती. दहा वर्षांपूर्वी वाँटेज येथे उपस्थित झालेलाच हा प्रश्न होता, फक्त आता रमाबाई मेजाच्या दुसऱ्या बाजूस होत्या. या प्रश्नाचे सोपे उत्तर त्यांच्यापाशीही नव्हते.

खानदेशच्या संदर्भात :

१९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले, तेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे म्हणून ओळखले गेले. भुसावळ परिसरात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, तर पश्चिम खानदेशातील आदिवासी भागात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन यांनी कार्य केले. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे रुग्णालय ही त्या परंपरेची परिचित खूण होय. या कार्याचा विचार शाळा, दवाखाने व धर्मांतरितांची संख्या यांवरच थांबू नये. बंगल्यात कामास असलेल्या भिल्ल व मावची कुटुंबांनी काय खाल्ले, कोणती भाषा वापरली, वसतिगृहात ठेवलेल्या मुलांवर कोणाचा अधिकार मानला गेला, हे प्रश्न वाँटेजच्या पत्रांवरून येथेही विचारता येतात.

पाहुणचाराचे निराळे उदाहरणही खानदेशजवळ आहे. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनानंतर 'बालकवी' म्हणून कीर्ती लाभली. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी त्यांना अहमदनगरच्या आपल्या घरी ठेवून घेतले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'तून त्या सहवासाचे जिवंत दर्शन घडते. ख्रिस्ती घरात पुत्रवत राहूनही बालकवी हिंदूच राहिले आणि टिळक दांपत्याच्या प्रेमात उणेपणा आला नाही.

निष्कर्ष :

१) वाँटेज येथील मतभेद धर्मसिद्धांतांइतकेच ताट, क्रूस, वर्ग आणि पाळणा यांभोवती घडले. किंबहुना सिद्धांतांचा कस याच ठिकाणी लागला.
२) रमाबाईंनी धर्म व राहणी, श्रद्धा व आज्ञापालन, कृतज्ञता व शरणागती यांत सातत्याने भेद केला.
३) मिशनरी भगिनींना केवळ दडपणाऱ्या वा केवळ दयाळू ठरविणे साधनांस धरून नाही. त्यांच्या साहाय्याविना रमाबाईंचे शिक्षण झाले नसते आणि त्यांच्याशी झगडल्याविना रमाबाईंची स्वतंत्र भूमिका घडली नसती.
४) अनंदीबाई भगत यांचा मृत्यू हा आश्रय व स्वातंत्र्य यांतील विषमतेचा पुरावा म्हणून अभ्यासला गेला पाहिजे.
५) शारदा सदनातील अन्नविषयक मोकळीक ही वाँटेजच्या अनुभवाशी सुसंगत आहे, तर १८९३ चा वाद त्या मोकळिकीच्या मर्यादा दाखवितो.

समारोप :

आश्रय देणारा आणि घेणारा यांच्यात खऱ्या समतेचा संबंध शक्य आहे काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकापुरता मर्यादित नाही. वसतिगृहे, आश्रमशाळा, अनाथालये व परदेशातील शिष्यवृत्त्या यांच्या संदर्भात तो आजही उपस्थित होतो. ज्याचे अन्न खावे त्याच्याशी मतभेद व्यक्त करण्याचा अधिकार गमावू नये, हे रमाबाईंनी आपल्या वर्तनाने दाखविले. ज्यास अन्न द्यावे त्याच्याकडून तो अधिकार मागून घेऊ नये, ही त्याचीच दुसरी बाजू होय. शिक्षणसंस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने या दुसऱ्या बाजूचा विचार करणे आवश्यक आहे.